पाठ केलेले पाच शब्द

अंजनी मोरिवलीच्या शाळेत चौथीला शिकवायची, आणि तिच्या वर्गात कॉपी करणाऱ्याची खैर नसे. तीच अंजनी १९९९ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या बापाकडून परीक्षेची उत्तरं घोकून घेत होती.

बाप म्हणजे हरिचंद्र. तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलेला त्याचा हात पार्किन्सनने असा थरथरे, की चहा तोंडात कमी आणि लेंग्यावर जास्त. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, मेंदूत बारीक तार बसवली तर कंप आटोक्यात येईल. फक्त त्याआधी स्मरणशक्तीची तपासणी करावी लागेल. हाच आजार असलेल्या मांजर्लीच्या भगवंतची ती नुकतीच झाली होती. त्याच्या बायकोने, ठमाबाईने, त्यातले पाच शब्द अंजनीला सांगून टाकले. झालं! तीन आठवडे रोज सकाळी घरात एकच घोष: पेरू, कंदील, नदी, टोपी, शिडी.

तपासणीला डॉक्टरीणबाईंनी भलतेच पाच शब्द वाचून दाखवले. दहा मिनिटांनी बाईंनी तेच शब्द विचारले, तेव्हा हरिचंद्र ताठ बसून खणखणीत म्हणाला, "पेरू, कंदील, नदी, टोपी, शिडी!" आणि त्याने कौतुकाच्या आशेने लेकीकडे पाहिलं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "कोणी शिकवलं, काका?"

"मीच ऐकलं एकाकडनं. पोरीला काय म्हाईत नाय."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ही पास-नापासाची परीक्षा नाही हो," त्या अंजनीला म्हणाल्या. "विसर आधीच पडत असेल, तर तार बसवल्यावर तो वाढू शकतो. हात थांबला, पण घरातली माणसंच आठवेनाशी झाली, तर काय उपयोग? फॉर्मवर तुम्ही लिहिलंय, घरी काही विसरत नाहीत. खरंय?"

अंजनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाप तिच्यासाठी खोटं बोलला आणि ती ते खुशाल खपवून घेत बसली होती. वर्गात पकडलेली पोरं उकरतात तशी ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. शेवटी ती उभी राहिली.

"मीच शिकवलं, मॅडम. फॉर्मवरही खोटंच लिहिलं. ते मला गंगू म्हणून हाक मारतात. गंगू माझी आत्या. तिला जाऊन बारा वर्षं झाली."

हरिचंद्र तिच्याकडे बघतच राहिला. "कवापासून?"

"दिवाळीपासून, बाबा."

"आनि तू ओ देत व्हतीस?"

"हो."

त्याने थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला आणि बाईंकडे वळला.

"हिचं नाव अंजनी हाय," तो म्हणाला. "माझ्या कागदावर लिवून ठेवा."