एकाच हाताच्या दोन बाह्या

दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या, हे मला कात्री खाली ठेवल्यावर कळलं.

तीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवतेय. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सांगते, बाई गं, बाही बेतताना कापड दुमडून घे, दोन्ही एकदम काप, म्हणजे एक डावी आणि एक उजवी आपोआप निघते. आणि मी शहाणीनं काय केलं, तर कापड जेमतेम होतं म्हणून ते एकेरी पसरलं, कागद ठेवून एक बाही कापली, आणि दुसरीच्या वेळी कागद उलटा करायचा विसरले. मुंढ्याचा, म्हणजे खांद्यापाशी बाही जोडतात तिथला, गोल पुढच्या बाजूला खोल असतो, मागच्या बाजूला उथळ. त्यामुळे डावी बाही उजव्या हाताला लागत नाही. एक उलटी फिरवून लावावी म्हटलं तर कापडाची सुलटी बाजू चमकदार आणि उलटी अगदी मंद, लांबूनही फरक दिसला असता. उरलेल्या तुकड्यांत बाही सोडा, धड खिसा निघाला नसता.

दुसऱ्या कुणाचं कापड असतं तर मी तोंड वेडंवाकडं करून सांगून टाकलं असतं. पण हे वहिनीचं कापड होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, दादाला कारखान्यानं नवीन मशीन शिकायला परदेशात आठ दिवस पाठवलं होतं आणि वहिनी त्याच्याबरोबर गेली होती. तिथून हे कापड आलं. कबुतराच्या मानेचा रंग, उजेडात धरलं तर हिरवा, सावलीत जांभळा. वहिनीनं ते कधी अंगाला लावलं नाही. मुलगी झाल्यावर म्हणाली, हिच्या लग्नात हिला ब्लाउज शिवू, आणि सुई शिवेल.

सुई म्हणजे मी. मी बारीक आहे म्हणून वहिनी मला सुई म्हणते, असं ती लोकांना सांगते. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी लग्न केलं नाही. घरातली पुढची खोली माझं दुकान, मागचं स्वयंपाकघर वहिनीचं. दादा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघी आणि भाची. आता भाचीचं लग्न सव्वा महिन्यावर आलं होतं आणि मी मूग गिळून बसले होते. रात्री डोळा लागेना. वहिनी गेली अठ्ठावीस वर्षं त्या शहराच्या गोष्टी सांगायची. पुलासमोरचं पिवळ्या दाराचं कापडाचं दुकान, तिथला म्हातारा, त्यानं दिलेला चहा, शंभर ठाण उलगडून दाखवले ते. लहानपणी भाची त्या गोष्टी ऐकल्याशिवाय जेवायची नाही. मी विचार केला, दुकान असेल तर कापडही असेल. एक वार मिळालं तरी पुरे.

मी वहिनीला म्हटलं, "चल, मला तुझं ते शहर दाखव. पोरगी सासरी गेली की आपण दोघी घरात भिंतींशी बोलणार आहोत. त्याआधी एकदा जाऊन येऊ."

वहिनी कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले. "कशाला उगाच," ती म्हणाली. मग बराच वेळ काड्या आणि पानं वेगळी करत राहिली आणि म्हणाली, "तुला खरंच बघायचंय?"

"नाहीतर काय, गंमत करतेय का मी?"

भाचीला आमच्यापेक्षा जास्त आनंद झाला. तिनं मोबाइलवर तिकिटं काढली, हॉटेल काढलं, आणि आईच्या गोष्टींतलं शहर बघायला आपल्यालाच नेत नाही म्हणून आठवडाभर रुसून बसली. मी एक बाही रुमालात गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवली.

शहर पहाटेच्या झोपेतलं असावं तसं होतं. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, तरी नदीवर धुकं होतं, आणि त्यातून होड्या कसलाही आवाज न करता यायच्या नि जायच्या. रस्त्यावर लोक भरपूर, पण कुणी कुणावर ओरडत नव्हतं. आम्हाला तिथली भाषा कळत नव्हती, त्यामुळे सगळं बोलणं पाण्याच्या आवाजासारखं कानावरून जायचं. मी इतकी कटकटी बाई, पण पहिल्या दिवशी मीही हळू आवाजात बोलू लागले.

खाण्याचं ठरवणं सोपं होतं. शेजारच्या टेबलावर जे छान दिसेल त्याकडे बोट दाखवायचं. एका बोळातल्या दुकानात भलं मोठं पातेलं उकळत होतं, त्याच्या वाफेनं वहिनीचा चष्मा पांढरा झाला. तिनं तो पुसला नाही. तशीच बसून सूप पीत राहिली, आणि म्हणाली, "गरम आहे गं. किती गरम आहे." जणू कुणी तिला थंड असतं म्हणून सांगितलं होतं.

खरेदीही केली. वहिनीनं चमचे घेतले, भाचीला सपाता घेतल्या, एक निळी छत्री घेतली. प्रत्येक वस्तू ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघायची आणि दुकानदाराकडे बघून हसायची. मी मात्र डोळ्यांत तेल घालून पिवळं दार शोधत होते.

"वहिनी, ते कापडाचं दुकान कुठल्या बाजूला?"

"पुलावरून डावीकडे."

डावीकडे गेलो तर दवाखान्याची लांबच लांब भिंत. दुसऱ्या पुलावरून डावीकडे गेलो तर मासळीबाजार, त्यात वहिनीची चप्पल घसरली आणि मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. "बदललं असेल सगळं," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिनं मला बागेत नेते म्हणून नेलं ते रेल्वेच्या यार्डात. मला राग यायला लागला. अठ्ठावीस वर्षांत शहर बदलतं हे मान्य, पण नदी काय कूस बदलून झोपते का?

वहिनी दुपारी पाठ टेकायची तेव्हा मी एकटी बाहेर पडायचे आणि बाही घेऊन दुकानं पालथी घालायचे. दुकानदार बाही हातात घ्यायचे, उलटी-सुलटी करायचे, मान हलवायचे. एका दुकानात माझ्याच वयाची मालकीण होती, हनुवटीवर तीळ असलेली. तिनं चष्मा काढून बाही गालाला लावली आणि डोळे मिटले. मग हातानं मागे, खूप मागे अशी खूण केली. असं कापड आता कुणी विणत नाही, एवढं मला भाषेशिवाय कळलं. आता एकच आशा होती, त्या म्हाताऱ्याच्या दुकानात एखादा जुना ठाण पडून असेल.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही मनोऱ्यावर गेलो. शहरात आलेला प्रत्येक माणूस तिथे जातो, म्हणून आम्हीही रांगेत उभ्या राहिलो. वर काचेची गॅलरी होती. धुकं विरळ झालं होतं आणि खाली सगळं शहर पसरलं होतं, छपरं, कालवे, छपरांवरची माणसं.

वहिनी काचेला कपाळ टेकून उभी राहिली आणि एकदम बोलायला लागली. "तो बघ कालवा. तो तिथे वाकडा होतो. त्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारा बसायचा. त्याच्यामागे लाल छपराची शाळा. सुटली की पोरं आधी डावीकडे पळायची, मग सगळी परत फिरायची, कारण तिकडे वाट बंद होती. आणि ती गच्ची, त्या गच्चीवर एक बाई रोज चादरी वाळत घालायची. सहा चादरी."

मी बघितलं. कालवा वाकडा होता. लाल छप्पर होतं. शाळेच्या डाव्या हाताला वाट बंद होती. जमिनीवर चार दिवस जिला एक वळण धड सांगता आलं नव्हतं, तिला वरून सगळं शहर पाठ होतं.

मी काही फार हुशार बाई नाही, पण कापड जमिनीवर पसरून वरून बघायची मला सवय आहे. माझ्या मनात तिच्या गोष्टी भराभर जुळल्या. त्या गोष्टींत छत्र्या वरून दिसायच्या. माणसांची टक्कलं असायची, टोप्या असायच्या, डोक्यावरच्या टोपल्या असायच्या. कुणाला नाक असायचं नाही, डोळे असायचे नाहीत.

"वहिनी," मी विचारलं, "तू तेव्हा खाली कधी उतरली होतीस का?"

ती काचेपासून हलली नाही. "नाही," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. दादा सकाळी सातला कारखान्यात जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. खोली चौथ्या मजल्यावर होती. तो म्हणाला होता, भाषा येत नाही, हरवशील, मी येईपर्यंत बाहेर पडू नकोस. रविवारी नेईन म्हणाला, तर रविवारी त्याला ताप आला. आठ दिवस ती खिडकीत बसली. जेवण खोलीवर यायचं, आणि चार जिने चढून येईपर्यंत गार झालेलं असायचं. निघायच्या दिवशी दादा घाईघाईनं ते कापड घेऊन आला, कुठल्या दुकानातून ते तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

"घरी आल्यावर सगळ्या बायका विचारायला लागल्या, काय काय बघितलंस," ती म्हणाली. "मग मी सांगितलं. आधी थोडंसं सांगितलं. नंतर पोरगी रोज मागायला लागली."

"आणि दादा? तो ऐकायचा की."

"तो मान खाली घालून जेवायचा. एकदाही खोटं पाडलं नाही त्यानं मला. मला त्याचा राग यायचा, सुई, आणि मग त्याचीच दया यायची."

दुकान नव्हतं, म्हातारा नव्हता, आणि माझी शेवटची आशा त्या काचेपलीकडे हवेत विरून गेली होती. मी पर्समधून रुमाल काढला, उलगडला, आणि बाही तिच्या हातात दिली.

"दुसरी घरी आहे," मी म्हटलं. "तीही डावीच. मी चुकीचं कापलं."

वहिनीनं बाहीचं कापड हाताभोवती गुंडाळलं, पार कोपरापर्यंत, आणि तशीच बघत राहिली. कापड उजेडात हिरवं दिसत होतं. मला वाटलं, आता रडेल किंवा मला बोल लावेल. ती म्हणाली, "म्हणजे तू मला कापडासाठी आणलंस. मला वाटलं, तुला खरंच बघायचं होतं."

कापड चुकल्याचं तिनं तोंडातून काढलं नाही, एवढंच म्हणाली. ते मला असं लागलं की काय सांगू. अठ्ठावीस वर्षांत त्या शहरात चल म्हणणारी मी पहिली होते, आणि मीही कामासाठीच आले होते, दादासारखीच. मी तिला ते तसंच सांगितलं. गुळमुळीत बोलणं मला जमत नाही. "आले तेव्हा कापडासाठीच आले," मी म्हटलं. "मला माफ कर." आम्ही लिफ्टनं खाली आलो, आणि हॉटेलपर्यंत ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्या शेवटच्या सकाळी, मला जाग आली तेव्हा वहिनी तयार होऊन पलंगाच्या कडेला बसली होती. चप्पल घातलेली, पर्स मांडीवर, निळी छत्री हातात.

"ऊठ," ती म्हणाली. "बाह्यांना कापड घ्यायचंय."

"अगं, तसलं कापड आता मिळत नाही."

"तसलं कुणाला हवंय?"

रस्ता तिलाच ठाऊक नव्हता, तरी ती पुढे चालली. एका वळणावर चुकली, कपाळाला हात लावून हसली, आणि दुसरं वळण घेतलं. मी मागे मागे चालले. शेवटी ती एका दुकानात शिरली, आणि बघते तर ती तीळवाली मालकीण. तिनं मला ओळखलं. वहिनीकडे बघून तिनं स्टूल पुढे केलं.

वहिनीनं तासभर ठाण उलगडायला लावले. मग एका कापडावर हात ठेवला. पिकल्या लिंबाच्या सालीचा पिवळा, साधा, त्याच्यावर काही म्हणजे काही नाही.

माझ्यातली शिंपीण गप्प बसेना. "वहिनी, ते अंगाच्या कापडाशी जुळत नाही."

"जुळायला कशाला हवं?" ती म्हणाली. "ते त्यानं आणलं. हे मी आणतेय."

मालकिणीनं कापड मोजायला घेतलं. वहिनीनं तिला हातानं थांबवलं, आणि ठाणाची कड स्वतः धरून एक वार, दोन वार, तीन वार असं मोजलं. एवढं कापड बाह्यांना लागत नाही.

घरी आल्यावर मी ते पिवळं कापड दुमडलं, चारदा तपासलं आणि दोन्ही बाह्या एकदम कापल्या. एक डावी, एक उजवी. उरलेल्या कापडाचा वहिनीला ब्लाउज शिवला, तिनं न सांगता.

लग्नाच्या सकाळी भाची आरशासमोर उभी राहून बाह्यांवरून हात फिरवत होती. "आई, या बाह्याच पिवळ्या कशा गं?"

वहिनी तिच्या पाठीची हुकं लावत होती. "सांगते ना," ती म्हणाली. "एक दुकान होतं. दुकानात एक बाई होती, तुझ्या आत्याच्या वयाची. केस मागे बांधलेले, पुढचा एक दात थोडा वाकडा, आणि हसली की आधी डोळे हसायचे. हनुवटीवर तीळ होता तिच्या." ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "कुठल्या बाजूला गं, सुई?"

"डाव्या," मी म्हटलं, आणि हुकं लावायला तिच्या मदतीला गेले.