मडक्यातला खर्ज

"लाकडी पेट्यांचे दिवस संपले! आज माझं मडकं ऐका, उद्या तुम्ही आपणहून आपले स्पीकर भंगारात द्याल," असं म्हणत जगन्नाथरावांनी बटण दाबलं. अँप्लिफायरच्या पत्र्यात करंट उतरला होता. जगन्नाथराव जागच्या जागी गेले. मडक्यातून हूं की चूं नाही.

झाशीतल्या आमच्या मराठी श्रोतेमंडळात पेटीऐवजी मडक्याच्या तोंडावर स्पीकर बसवणारे ते पहिलेच. मंडळाने मडकं न ऐकताच नापास केलं होतं. "मडक्यातलं पाणी पितात, मारवा नाही ऐकत," हरिभाऊ वर्षभर म्हणायचे.

दहाव्याला लक्ष्मीतलावावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावरून नुसता बघत राहिला.

धाकटा भाऊ दत्तात्रेय हात जोडून म्हणाला, "दादा, वहिनीला मी सांभाळीन."

कावळा ढिम्म.

"दर्भाचा कावळा करून लावू का?" गुरुजी घाईत होते. "और लोग भी बैठे हैं, भैया."

"गवताचा नको," जगन्नाथरावांच्या पत्नी वसुंधरावहिनी म्हणाल्या. "ह्यांचा जीव त्या मडक्यात अडकलाय. हरिभाऊ, एकदा म्हणा ना, चांगलं आहे. म्हणजे सुटतील हो."

"वहिनी, दुसरं काहीही मागा. न ऐकता कसं म्हणू?"

मग रिक्षातून मडकं आलं, बॅटरी आली. पिंडाच्या वरच्या पायरीवर मडकं टेकवून हळू आवाजात मारव्याची कॅसेट लावली.

"खर्ज फार घुमतोय," हरिभाऊ म्हणाले.

"खर्ज आहे कुठे घुमायला?" मंडळातले यज्ञेश्वर खेकसले.

"कानातला मळ काढा आधी!"

"तुम्ही तुमच्या पेटीतली वाळवी काढा!"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे हे असेच लटकत राहणार का?"

हरिभाऊ वरमले. काढा प्यायल्यासारखं तोंड करून वर बघत म्हणाले, "जगन्नाथ, सुंदर वाजतंय रे."

कावळा खाली उतरला. उड्या मारत पिंडाकडे निघाला. वहिनींनी हात जोडले.

"सुंदर? थांबा, खर्जाची खात्री करू," म्हणत यज्ञेश्वरांनी आवाज पूर्ण वाढवला.

मडकं थरथरलं, पायरीवरून घरंगळलं आणि पिंडाजवळ पडून फुटलं. कावळा खाली सापडून मेला. चोच पिंडाला लागलेली नव्हती.