तीन इंची पाइप

“तुम्ही पाय खाली टाकायचा न्हाई, पाव्हणं,” रखमाजी म्हणाले, आणि दार ढकलून स्वतःच पाण्यात उतरले.

पोटरीएवढं पाणी होतं. कालव्याचं, मळकं, डाव्या हाताच्या फुटलेल्या चारीतून येऊन रस्त्यावरून वाहत समोरच्या उसात शिरणारं. वर रणरणतं ऊन आणि पाण्याच्या मधोमध जुनी पांढरी गाडी, बंद पडलेली. रखमाजींनी धोतर वर खोचलं. चपला काढून हातात घेतल्या, त्या कुठं ठेवाव्यात ते न सुचून परत गाडीतच टाकल्या, आणि पंचाहत्तरीला आलेला तो माणूस चाचपडत गाडीच्या मागं गेला.

कल्याणनं आपलं दार उघडायला घेतलं. मागून ओरडा आला, “लावा ते दार! धोंड्याच्या महिन्यात जावयाला धक्का मारायला लावलं, तर गाव माझ्या तोंडात शेन घालंल. अन् स्टेरिंग कोन धरंल मंग?”

मागच्या सीटवर वंदना होती. “आबा, मी येते.”

“तू बस गुमान.”

“मी लेक हाय. मला चालतं,” असं म्हणत तिनं नव्या साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि उतरली. उतरताना नवऱ्याकडं पाहिलं नाही.

गाडीत कल्याण एकटा राहिला. अंगात सासऱ्यानं दिलेला पांढरा पोशाख, डोक्यावर नवी टोपी, कपाळाला गंध. मिरवणुकीतल्या मूर्तीसारखा तो नुसता बसून होता. फरक एवढाच, की गाडी का बंद पडली हे मूर्तीला ठाऊक होतं, आणि पाण्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

*

हे सकाळपासून सांगायला हवं.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. लोक त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. कुंभार पिंपळगावात, रखमाजींच्या ओसरीवर, कल्याण पाटावर बसला. सासूबाई गोजरबाईंनी तांब्यातून पाणी ओतलं आणि रखमाजींनी परातीत त्याचे पाय धुतले, टावेलानं पुसले, दोन्ही अंगठ्यांना कुंकू लावलं.

“पाय आखडू नका हो,” म्हातारा हसत म्हणाला.

कल्याणचे पाय आपोआप मागं सरकत होते. दर धोंड्याला तो असाच लाजायचा. पण ती लाज पुरणासारखी असायची, घशाखाली गोड उतरायची. यंदा ती उतरेना. यंदा अंगणात गाडी उभी होती.

गाडी रखमाजींची. मंठ्याच्या एका डॉक्टरांनी वापरून झाल्यावर त्यांनी घेतलेली, आणि पुढं वीसेक वर्षं गोठ्यातल्या जनावरासारखी जपलेली. गावातल्या कितीतरी पोरी बाळंतपणाला हिच्यातूनच गेल्या होत्या. बॉनेट कुणी आपटलं तर म्हातारा त्या दिवशी त्याच्याशी बोलायचा नाही. डोळे अधू झाले तेव्हा, गेल्या दिवाळीत, त्यांनी ती पोटच्या पोराला, मिथुनला, न देता जावयाला दिली. मिथुनला तोंडावर सांगितलं, “तू पळवशील. ते सांभाळतील.”

जावयानं काही महिने सांभाळली.

*

मग पाइप.

कल्याणचं वडीगोद्रीला हायवेच्या कडेला दुकान आहे. पाइप, ठिबक, पाण्याच्या मोटारी. बरीच वर्षं तो लोकांच्या विहिरींत पाइप सोडत आला. दुपारी गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर एक व्हिडिओ आला. त्यातला माणूस सांगत होता, इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतं आणि गुदमरतं. त्याला बाहेरची थंड हवा पाजा, मग बघा दम.

कल्याणला ते पटलं. पटायला सामानही समोरच होतं. एका शेताच्या कामातून उरलेला तीन इंची पीव्हीसी पाइप, वळणाला लावायचे दोन एल्बो, चार क्लिपा. त्यानं एअर फिल्टरचा मूळ काळा डबा काढला, इंजिनाच्या तोंडाला पाइप जोडला, दुसऱ्या टोकाला विकत आणलेला फिल्टर बसवला, आणि ते टोक खाली सोडलं: बंपरच्या मागं, चाकाच्या शेजारी, जिथं वारा लागतो तिथं. वरून काळा रंग मारला. काढलेल्या डब्यात दुकानातले सुटे एल्बो ठेवले.

दम किती आला, हे त्याला छातीठोक सांगता आलं नसतं. आवाज मात्र आला. चढावर गाडी वाघरासारखी गुरगुरायला लागली. ती निघाली, की समोरच्या चहाच्या हॉटेलातली माणसं माना वळवायची. कल्याणकडं बघून आजवर कुणी मान वळवली नव्हती.

“दाजी, विमान केलं की!” मिथुन म्हणाला होता.

“आबांना बोलू नको.”

“काहून?”

“नको म्हनलं ना.”

*

जेवणं झाली. धोंडे, तूप, ताट भरून अनारसे. रखमाजी म्हणाले, “जोडीनं महादेवाला जाऊन येऊ. मी बी येतो. लई दिस झाले तिच्यात बसून.”

ते पुढं बसले. अधू डोळ्यांच्या माणसासारखे हातानं बघत गेले: डॅशबोर्ड, काच फिरवायचा दांडा, गिअरची मूठ. गाडी सुरू झाली आणि त्यांचा हात थांबला.

“आवाज काहून बदलला हिचा?”

“सायलेन्सरचं काम निघालंय, मामा,” कल्याण म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं, किती पटकन जमलं.

“हां. करून घ्या जल्दी.”

गावाबाहेर रस्ता पाण्याखाली गेला होता. कालव्याला पाणी सुटलं होतं आणि रात्रीतून कुणीतरी चारी फोडली होती. बांधावर पुंजाराम ट्रॅक्टरला टेकून उभा होता. रखमाजींच्या भावकीतला, तोंडाचा सैल. दोन बायका धुणं घेऊन थांबल्या होत्या. कल्याणनं गाडी थांबवली.

“थांबलात काहून?” रखमाजी म्हणाले. “घाला बिनधास्त. कैकदा नेली मी हितून. ही बुडत न्हाई. हिचं हवा घ्यायचं नाक वर हाय, लायटीच्या बी वर.”

तेव्हा कल्याणच्या ध्यानात आलं. व्हिडिओत वारा होता. पाणी नव्हतं. आणि पाण्यात तोंड असलेला पाइप काय ओढतो, हे पंचक्रोशीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? जन्मभर तेच तर विकलं होतं.

मामा, हिचं नाक आता—

“परत फिरू, मामा,” तो म्हणाला.

“काहून?”

“चिखल असंल खाली.”

“डांबर हाय. मला ठावं न्हाई का?”

“ओ पाव्हणं!” पुंजाराम बांधावरून ओरडला. “पवायला येतं का न्हाई?” बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मामा, हिचं नाक आता खाली—

वाक्य अगदी लहान होतं. एक शब्द बाकी होता. रखमाजी पुढं झुकून बसले होते, डोळ्यांना दिसत नसलेल्या पाण्याकडं तोंड करून, लहान पोर जत्रेतल्या पाळण्यात बसतं तसे.

कल्याणनं पहिला गिअर टाकला.

निम्मं पाणी ओलांडलं. मग पाइपातून तो आवाज आला: मोटार सुरू करताना पाइपात पाणी चढतं तेव्हाचा, गळगळ, ओळखीचा. विहिरीवर असा आवाज आला की कल्याण म्हणायचा, ‘चढलं पाणी.’ गाडी हिसका देऊन बंद पडली. त्यानं घाबरून पुन्हा चावी फिरवली. आत कुठंतरी ठण्णकन वाजलं, हाड मोडावं तसं.

रखमाजींनी त्याचं मनगट धरलं. “बास. आता मारू नका चावी.”

*

“रखमाजीदा, जावई लई वजनदार दिसून राह्यला!”

“धोंडे किती चारले?”

“पुंजाराम, दात नको काढू, दोरी आन.”

“दोरी हाय की. आधी एक फोटू घेऊ द्या. जावई रथात अन् सासरा घोड्याच्या जागी!”

“आबा, सरका, मी लावते जोर.”

“तू त्या अंगाला व्हय. हां. हो म्हन. हो—”

आरशात कल्याणला सासऱ्याचं पागोटं दिसत होतं, खाली जाणारं आणि वर येणारं. एकदा ते दिसेनासं झालं. “आबा!” वंदना किंचाळली. मग ते परत वर आलं, वाकडं झालेलं. “दगड व्हता,” रखमाजींचा आवाज आला. “चला. हो—”

कल्याणनं स्टेरिंग सरळ धरलं. दुसरं काही धरायला नव्हतं.

*

कोरड्यावर आल्यावर मागून मोटारसायकलवर मिथुन पोचला. कल्याण उतरेपर्यंत त्यानं बॉनेट वर केलं होतं. काळा रंग जागोजाग सोलून पाइपाचा राखाडी रंग दिसत होता. जोडातून पाणी ठिबकत होतं.

“दाजी, तुमचा पाइप—”

रखमाजी पुढं आले. वाकून त्यांनी हात आत घातला, जिथं डबा असायचा तिथं. बोटं रिकाम्या जागेवर थोडा वेळ राहिली. मग पाइपाला लागली. पाइपावरून एल्बोवर, एल्बोवरून खाली, आणखी खाली, बंपरच्या मागं, ओल्या फिल्टरपर्यंत.

त्यांनी हात धोतराला पुसला. दोन्ही हातांनी बॉनेट धरून हळूच खाली आणलं, दाबून बसवलं. आवाज झाला नाही.

“काय निघालं, रखमाजीदा?” पुंजारामनं विचारलं.

“काय निघायचं? म्हातारी झाल्ती. मीच म्हनलो, घाला. पाव्हणं तर न्हाई म्हनत व्हते.” मग मिथुनकडं वळून, तेवढंच हळू, “तू गप ऱ्हाय.”

ट्रॅक्टरनं गाडी ओढत आणली. ती सरळ ठेवायला कल्याण आत बसला. रखमाजी दोरीच्या बाजूनं चालत होते, अनवाणी. चपला गाडीतच होत्या, शेजारच्या सीटखाली. हे कल्याणला घरापाशी पोचल्यावर दिसलं.

*

ओसरीच्या पायरीवर रखमाजी बसले. उजव्या पायाच्या तळव्याला दगड लागून चिरलं होतं, चिखलातून रक्त येत होतं. “अगं बया,” म्हणत गोजरबाई सकाळचीच परात घेऊन आल्या. कल्याणनं तांब्या उचलला.

“मी धुतो, मामी.”

“असं करतेत का कुठं!” गोजरबाईंनी तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला आणि वंदनाला दिला. “जावयानं पाय धुवायचे? आजच्या दिवशी? बसा तुम्ही. पाट ठेवलाय.”

तो बसला नाही.

“मामा, हिचं नाक मीच खाली केल्तं. पाण्याशी थांबलो तवा मला ठावं व्हतं.”

वंदनाचा हात थांबला. पाण्याची धार परातीबाहेर पडली.

रखमाजींनी मान वर केली नाही. “सायलेन्सर म्हनला व्हतात.”

“हाव.”

“डबा कुठंय तिचा?”

“दुकानात. एल्बो ठेवलेत त्यात.”

“हं.” त्यांनी तळव्यावरचा चिखल बोटानं सोडवला. “महिना सरू द्या, पाव्हणं. मंग बोलू. आज तुम्ही नारायण. नारायणाला काय म्हनावं मानसानं?” आणि लेकीला म्हणाले, “वत ना पानी.”

वंदना पाणी ओतू लागली. कल्याण मागं सरकत पाटाशी आला आणि बसला. परातीतलं पाणी आधी काळं झालं, मग तांबूस. त्याचे स्वतःचे पाय समोर होते, स्वच्छ, कोरडे. दोन्ही अंगठ्यांवर सकाळचं कुंकू तसंच होतं, जरासुद्धा फिसकटलं नव्हतं.

त्यानं पाय आखडून घोळदार पांढऱ्या विजारीखाली ओढून घेतले. आखडू नका, असं या वेळी कुणी म्हणालं नाही.