रविवारची तडतड

रविवारी सकाळी दहा ते अकरा माझा नवरा हार्म कुणाचाच नसतो. रेडिओपाशी बसून तो नॉर्वेतल्या एका बेटावरच्या आयलिफशी मोर्समध्ये, म्हणजे ठिपके आणि रेघांच्या टिकटिकीत, गप्पा मारतो. एकतीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी आजारानं आयलिफची वाचा गेली, तेव्हा फोनचा प्रश्नच मिटला.

"ईमेल कर की," मी म्हणायचे.

"ईमेल त्याची मुलगी लिहून देते. ही बोटं त्याची स्वतःची असतात."

मार्चमध्ये रेडिओत तडतड सुरू झाली, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. आयलिफची निम्मी अक्षरं कळेनाशी झाली. हार्म जेवणावरही चिडायला लागला.

या हौशी रेडिओवाल्यांचा एक नियम आहे. शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घराची वीज बंद करायची आणि रेडिओ बॅटरीवर लावून ऐकायचं. हार्मनं मेन स्विच पाडला. ओव्हनमधला माझा केक बसला, तडतड मात्र तशीच. मग महाशय छोटा रेडिओ कानाला लावून गल्लीभर फिरले आणि शेजारच्या मिर्तेच्या दाराशी थांबले.

मिर्ते बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेतून दुभाष्याचं काम करते, पोटमाळ्यावर कॅमेऱ्यासमोर बसून. जाड भिंतींमुळे वायफाय वर पोचेना, म्हणून तिनं विजेच्या सॉकेटांत, एक खाली आणि एक वर, अशा दोन डब्या खोचल्या होत्या. इंटरनेट विजेच्या तारांतूनच वर जायचं, आणि त्याच तारा आमच्या रेडिओत कालवा करत होत्या.

"डब्या काढून मी खाऊ काय?" मिर्ते म्हणाली. "डॉक्टरांसमोर बसलेल्या बहिऱ्या बाईचं अर्धं वाक्य गेलं तर?"

"तक्रार केली तर सरकारी माणूस येऊन बंदच करेल," हार्म म्हणाला.

"करा की! तुमच्या त्या टिकटिकीपायी!"

मला दोघांचाही राग आला. "हार्म, तुझं ड्रिल काय शोभेला ठेवलंयस?" मी विचारलं.

शनिवारी हार्मनं तिच्या घराला भोकं पाडत साधी इंटरनेटची केबल पोटमाळ्यापर्यंत नेली. मिर्तेनं डब्या उपटल्या आणि कॉफीबरोबर त्याला एक नाही, दोन बिस्किटं दिली.

रविवारी रेडिओ स्वच्छ होता. दहाच्या ठोक्याला आयलिफ आला, अगदी खणखणीत ऐकू आला. भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकून मलाही अक्षरं कळतात. पण अक्षरं अजूनही गळत होती. एका ठिपक्याच्या जागी दोन यायचे, शब्द अर्ध्यावर थांबायचा. हार्मनं 'पुन्हा पाठव' म्हटलं. त्यानं पुन्हा पाठवलं, आणखीच चुकलं.

आम्ही मार्चपासून सगळं खापर त्या तडतडीवर फोडत होतो.

"बोटंही चाललीत गं त्याची," हार्म माझ्याकडे न बघताच म्हणाला.

मोर्सवाल्यांत ज्याचा हात हळू, त्याच्या वेगानं बोलायचं असतं, आणि ते बोलून दाखवायचं नसतं. हार्मनं आयलिफला काहीच विचारलं नाही. नवशिक्यासारखं एकेक अक्षर सुटं करत तो त्याला आमच्याकडचं हवामान सांगू लागला.