न धुतलेलं पातळ

येमेनहून आलेलं पत्र चार पानांचं होतं, आणि त्यातली तीन पानं मी काय घालायचं यावर खर्ची पडली होती. इंग्रजी कसं शिकवायचं, पुस्तकं कोणती, मुलींना एबीसीडी तरी येते का, याबद्दल एक ओळ नाही. पत्र माझ्या नवऱ्याचं होतं. मुंजाजींना त्या देशात गणित शिकवायला जाऊन वर्ष झालं होतं, आणि आता त्याच गावातल्या मुलींच्या शाळेत त्यांनी माझं इंग्रजीच्या बाईंचं काम पक्कं केलं होतं. १९८६ सालची ही गोष्ट. मी पालमच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवायचे आणि एकदा फळ्यासमोर उभी राहिले की कुणाच्या बापाला भीत नसे. ते पत्र वाचून मात्र माझ्या तळहाताला घाम सुटला.

साडी चालणार नाही, कारण कंबर आणि पाठ दिसते. घोट्यापर्यंत काळा सैल झगा, गळ्यापर्यंत बटणं, बाह्या मनगटाच्या खाली. डोक्याला काळा रुमाल, केसाची बटसुद्धा बाहेर नको. पायात मोजे. बांगड्या वाजता कामा नयेत, मंगळसूत्र आत, शाळेत कुंकू नको. खाली लिहिलं होतं की आधी आलेल्या एका बाईंचा फळ्यावर लिहिताना कोपरापर्यंत हात उघडा पडला, मुलींनी घरी जाऊन सांगितलं, आणि आठवड्यात त्या बाई परत गेल्या. मग शेवटच्या पानावर, अगदी कोपऱ्यात: सुलीला पहिलं वर्ष आणता येणार नाही, आईपाशी ठेव.

सुली आमची मुलगी, दोन वर्षांची. हे वाक्य त्यांनी एवढ्या बारीक अक्षरात का लिहिलं ते मला समजलं, आणि समजूनही राग आला.

जायचं नाही असं मी म्हणू शकले असते. पण नवऱ्याचं तोंड पाहून वर्ष झालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, पालमच्या वेशीपलीकडे माझ्या इंग्रजीला कुणी विचारतं का हेही मला बघायचं होतं. म्हणून मी सगळी भीती झग्यावर ढकलली. झगा नीट शिवला गेला की बाकी सगळं नीट होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

परभणीला स्टेशनकडच्या रस्त्यावर बुरखे शिवणारा एक म्हातारा शिंपी होता. मी पत्रातली मापं वाचून दाखवली आणि बाह्या बोटभर आणखी लांब ठेवायला सांगितल्या. मग हात वर करून भिंतीवर लिहिल्यासारखं केलं आणि बाही कुठवर सरकते ते बघायला लावलं. तीन वेळा लावलं. तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘डरो नक्को बाई. कपडाच तो है. अंदर बाई वोइच रैती.’’ त्याच्या घरातल्या बाईनं मला रुमाल बांधायला शिकवला, टाचण्या दिल्या, चहाही दिला. माणसं भली होती. तरी परत येताना एसटीत ती पिशवी मी मांडीवर न ठेवता पायाशी ठेवली, कारण ओळखीचं कुणी आत काय आहे विचारील याची धास्ती होती.

माझ्या सासूबाई म्हाळसाबाई. आम्ही धनगर. सासरे गेल्यावर त्यांनी साठ मेंढरं एकटीनं राखली आणि त्यांच्या लोकरीवर-दुधावर मुंजाजींना शिकवलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. सासरे गेले त्या दिवसापासून आत्याबाईंनी अंगाला रंग लावला नव्हता. पांढरं लुगडं, तेही मळून मेंढराच्याच रंगाचं झालेलं. मला परदेशी जायला त्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. फक्त त्या सुलीकडे जरा जास्त वेळ बघायला लागल्या होत्या.

झगा आला त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, मी तो घालून पाहिला. खोलीत आरसा वीतभराचा, त्यात माझं नाक तेवढं दिसायचं. म्हणून मी अंगणात आले. आधी दावणीचा कुत्रा उठला. त्याला मी रोज भाकरी टाकायचे, आणि तो माझ्यावर दात विचकून साखळी ताणायला लागला. तेवढ्यात सुली गोठ्याच्या बाजूनं धावत आली आणि मला बघून जागच्या जागी थिजली.

मी हसले, हात पुढे केले, म्हटलं, ‘‘सुले, ये, मी हाय.’’

तिथं मोठी चूक झाली. अनोळखी काळ्या बाईतून आईचा आवाज आला, आणि पोर जी किंचाळली ती श्वास कोंडून निळी पडली. आत्याबाईंनी तिला उचललं, पाठ चोळली, मला हातानंच आत जायला सांगितलं. मी आत जाऊन टाचण्या ओढताना बोट फाडून घेतलं. लगेच नवी धुतलेली साडी नेसून बाहेर आले, तरी ती माझ्याकडे येईना. दोन दिवस आली नाही. आत्याबाईंच्या मानेत तोंड घालून एका डोळ्यानं मला बघायची.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा अंगावर रोजचं हिरवं पातळ होतं, घामट, खडूनं पांढरं झालेलं, सकाळी चुलीपुढे नेसूनच भाकऱ्या थापलेल्या. सुली हळूच मागून आली, पदर हातात घेतला, नाकाला लावला, आणि मग गुडघ्याला मिठी मारून रडायला लागली. मीही रडले. पण खरी भीती मला तेव्हा वाटली. दोन दिवसांत ही मला विसरते, तर वर्षानं काय होईल? मी परत येईन, आणि माझी पोर कुत्र्यासारखी माझ्यावर दात विचकील.

आत्याबाईंनी हे सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या लोकर निवडत बसल्या होत्या, तिथं त्यांनी मला बसवून घेतलं. मेंढराचं असं असतं, त्या सांगायला लागल्या, की एका मेंढीचं कोकरू मरतं आणि दुसऱ्या कोकराची आई मरते. पोरकं कोकरू त्या मेंढीला लावायला गेलं तर ती लाथा घालते. मग मेलेल्या कोकराचं कातडं सोलून पोरक्याच्या पाठीवर बांधायचं. मेंढी हुंगते आणि आपलं समजून पाजते. त्यांनी हातानं असं कैक वेळा केलं होतं.

‘‘मेंढी डोळ्यानं न्हाई, नाकानं वळखती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लेकराचंबी तसंच हाय. जाताना तुजं एक पातळ न धुता ठिवून जा. मी त्यात निजवीन तिला.’’

त्या चांगल्या मनानं बोलत होत्या, मला कळत होतं. पण माझ्या कानात एकच शब्द राहिला. मी म्हटलं, ‘‘आत्याबाई, कातडं मेलेल्याचं असतंय.’’

त्यांचा हात लोकरीत थांबला. त्यांनी जीभ चावली, तीनदा जमिनीला हात लावून गालाला लावला. पुन्हा तो विषय काढला नाही.

मी शिकलेली बाई. अपशकुन मानू नका असं वर्गात सांगणारी. पण ते कातडं माझ्या डोक्यातून जाईना. भाकरी थापताना वाटे, मी विमानातून पडणार म्हणून म्हातारीच्या तोंडून देवानं हे बोलवून घेतलं. झग्याकडे बघितलं की वाटे, मला आताच गुंडाळून ठेवलंय. निघायच्या आदल्या दिवशी मी माझी सगळी पातळं काढली, पेटीतली, वळणीवरची, ते हिरवंसुद्धा, आणि साबण लावून दगडावर अशी आपटली की शेजारीण बघायला आली. घर स्वच्छ करून जावं म्हणते, असं मी तिला सांगितलं. एकाही धाग्यात माझा वास राहू नये, ही खरी गोष्ट. आपलं कातडं मागं ठेवून जायला मी काही मेले नव्हते. आत्याबाईंनी वळणीवरची ती धुणी एकेक करून पाहिली.

माझा भाऊ उमाजी मला मुंबईपर्यंत सोडायला येणार होता. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी बंद होईल आणि एसटी कुठे अडकेल याचा नेम नसे, म्हणून मनमाडची गाडी दुपारची असूनही आम्ही पालमहून सकाळीच निघालो; आत्याबाईही सुलीला घेऊन परभणी स्टेशनपर्यंत आल्या. झगा पिशवीत अगदी वर होता, पण तो मुंबईला विमानाआधी घालायचा असं मी ठरवलं होतं. सुलीनं तो पुन्हा बघायला नको. काल धुतलेलं ते हिरवं पातळच नेसले होते. परभणीला पोचेपर्यंत एसटीतल्या गर्दीनं, उन्हानं आणि भीतीच्या घामानं ते अंगाला चिकटलं होतं.

पोरांना कसं कळतं कोण जाणे. स्टेशनवर सुलीनं माझा पदर दोन्ही मुठींत धरला तो सोडेना. मी गोळी दिली, उमाजीनं इंजिन दाखवायचं आमिष दाखवलं, आत्याबाईंनी घ्यायला हात पुढे केले. तिनं मुठी आवळल्या आणि रडणंही नाही, नुसती थरथरत राहिली. उमाजी तिकिटाच्या खिडकीकडून आला आणि गाडी पूर्णा स्टेशन सोडून निघाल्याचं सांगून पुन्हा सामानाकडे गेला. मी तिचं एक बोट सोडवलं, की दुसरी चार घट्ट होत. माझ्याच पोरीची बोटं मोडायची वेळ आली होती.

आत्याबाईंनी मला दंडाला धरून बायकांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. आत कुणी नव्हतं.

‘‘रुख्मिणी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘घरी वळणीवर धुतलेली आठ हायीत. ती मला काय कामाची? हे अंगावरचं दे.’’

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझ्या गालाला हात लावला. ‘‘मेलेल्याचं म्हनून न्हाई मागत. तू जित्ती हायीस म्हनून मागायलेय. येशील तवा तुला वळखाया पायजे का न्हाई तिनं?’’

मग मी निऱ्या सोडल्या. पदर सुलीच्या मुठीत होता, तो तसाच ठेवला. दुसरं टोक आत्याबाईंनी आपल्या कमरेला खोचलं, आणि पातळ माझ्या अंगावरून सुटत त्यांच्या अंगावर जाऊ लागलं. मधे सुली, कधी माझ्या कडेला, कधी त्यांच्या. आत्याबाईंनी पांढऱ्या लुगड्यावरूनच ते गुंडाळलं. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं ज्या बाईनं रंगाकडे पाहिलं नाही, ती हिरव्या पातळात उभी राहिली आणि तिनं पदर डोक्यावर घेतला. लोक काय म्हणतील याचं भय त्यांना नसेल असं नाही. पालमला त्यांना असंच उतरायचं होतं.

मी परकर-पोलक्यात उघडी उभी होते. दुसरं पातळ बरोबर घेतलंच नव्हतं; खांद्याच्या पिशवीत वर ठेवलेला झगा निघाला. बटणं गळ्यापर्यंत लावली, बाह्या मनगटाखाली ओढल्या, टाचण्या दातात धरून रुमाल बांधला. मंगळसूत्र बाहेरच राहिलं होतं, ते आत टाकलं.

सुलीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचा ओठ थरथरला, डोळे मोठे झाले. आता किंचाळणार, म्हणून मी भिंतीला पाठ लावली. पण तिनं तोंड फिरवलं आणि आत्याबाईंच्या खांद्यावर, त्या घामट पदरात खुपसलं. दोन-तीनदा नाक घासलं. मग तिच्या मुठी सैल झाल्या. पोर इतकी शांत झाली की बाहेरच्या चहावाल्याची हाक आत ऐकू येऊ लागली. मला तिचा मुका घ्यायचा होता. जवळ गेले असते तर ती पुन्हा भ्याली असती, म्हणून गेले नाही.

गाडीची शिट्टी झाली. आत्याबाई पुढे आणि मी मागे अशा आम्ही बाहेर पडलो. उमाजी पेटी उचलून घाईनं आला. त्यानं हिरवं पातळ पाहिलं आणि पाठीमागून आत्याबाईंनाच मी समजून म्हणाला, ‘‘अक्का, चल लवकर, लेकरू दे सासूबाईंपाशी.’’ आणि मी वाटेत उभी होते, तर कुणी परकी बाई समजून तो अदबीनं मान खाली घालून बाजूला सरकला, मला जायला जागा दिली.

मी त्याला हाक मारली नाही. माझा आवाज ऐकला असता तर सुलीनं मान वर केली असती. मी त्याच्या हातातली पेटी नुसती धरली, आणि त्यानं चमकून माझ्या डोळ्यांत बघेपर्यंत गाडीकडे चालू लागले.