लंडनच्या गाडीतला गणपती

गाडीचं पोट गतिरोधकावर घासलं, तो आवाज मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला आणि खरं सांगतो, बरं वाटलं. चहाचा कप घेऊन मी खिडकीत गेलो. खाली सोसायटीच्या फाटकात माझा धाकटा भाऊ संदेश रविवारच्या इस्त्रीच्या कपड्यांत ओणवा होऊन गाडीखाली डोकावत होता. वॉचमन डोकावत होता, पेपरवाला डोकावत होता, समोरच्या इमारतीतली माणसं दात घासता घासता बघत होती.

"संदेश आला गो!" आईने आतूनच आवाज ओळखला. एरवी भिंत धरून चालणारी बाई भिंत न धरता खिडकीपर्यंत आली. "लंडनची गाडी घेऊन आला."

गाडी लंडनची नाही, ब्रिटिश बनावटीची आहे आणि ती बारा वर्षं भारतातच धावतेय, हे मी तिला समजावून थकलो. दूधवाल्यापासून पोळीवाल्या काकूंपर्यंत सगळ्यांना तिने लंडन सांगून ठेवलंय. आता मीच खोटा पडतो.

मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर आहे. माझ्याकडे स्कूटर आहे. ती पहिल्या किकला सुरू होते, खड्ड्यांतून जाते, पावसात भिजते, तक्रार करत नाही. पण तिच्यासाठी आजवर कोणी खिडकीत आलेलं नाही. आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे मीच रिक्षाने नेतो, परत आणतो, जिना चढताना मागे उभा राहतो. त्याची कधी गावभर वार्ता झाली नाही.

संदेश माजिवड्याला राहतो, टॉवरमध्ये. लोकांच्या घरांचं इंटिरिअर करतो. परदेशी निघालेल्या एका गिऱ्हाइकाने ही गाडी जाता जाता त्याच्या गळ्यात मारली. गळ्यात मारली हे माझं म्हणणं. त्याचं म्हणणं, "दादा, असली गाडी मिळायला नशीब लागतं."

नशीब कसलं ते मला पाठ होतं. गाडी आली त्या आठवड्यापासून मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तिचे व्हिडिओ बघत होतो. अमुक वर्षांनंतर इंजिन तापतं. वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. एकेक भाग बाहेरून मागवावा लागतो, तोवर गाडी झाकून ठेवायची. असं काही ऐकलं की मला डबा गोड लागायचा. शेजारी बसणारा महेंद्र एकदा म्हणाला, "सुदेशभाऊ, घेताय काय ही गाडी?"

"छे. भावाची आहे."

"मग तुम्ही कशाला एवढा अभ्यास करताय? परीक्षा त्याची आहे ना?"

मी मोबाइल पालथा ठेवला.

तर त्या रविवारी संदेश वर आला. पाया पडला, पोहे खाल्ले, आईजवळ बसून तिचे पाय चेपले. तो महिन्यातून एकदा चेपतो. मी रोज रात्री तेल लावतो, पण "हात कसा मऊ आहे रे तुझा" हे आई त्याला म्हणते. माझी बायको संचिता ओट्यापाशी उभी होती. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "गॅस बंद आहे. मग जळल्याचा वास कुठून येतोय?"

"दादा, चल एक चक्कर मारू," संदेशने खिशातून किल्ली काढली. "तूच चालव."

नाही म्हणायचं मी ठरवलं होतं. पण हात पुढे झाला. कंपनीचा टेम्पो मी अधूनमधून चालवतो, लायसन्स आहे. दार उघडून बसलो तर बसतच गेलो, इतकी ती सीट खाली. पाय लांब पसरले. समोर लाकडाची पट्टी, चामड्याचा वास, आणि काट्यांच्या मधोमध पेटलेले तीन-चार पिवळे दिवे.

"हे काय?"

"ते असतात कायम. लक्ष नको देऊ."

"आणि एसी?"

"माझ्या बाजूचा थंड येतो. तुझ्या बाजूचा जरा गरम येतो. मागची डावी काच खाली होत नाही, बाकी ए-वन आहे."

एकेक दोष ऐकून मला हुरूप येत होता. डिकीत त्याने पाण्याचा कॅन ठेवला होता, इंजिन तापलं तर ओतायला. "येताना माजिवड्यालाच गरम झालेली, थांबलेलो थोडा वेळ," असं तो सहज सांगत होता. मी मान हलवत होतो. शीळ रस्त्यावर काँक्रीटचा एक नवा, मोकळा पट्टा लागला. संदेश म्हणाला, "आता दे पाय."

मी दिला. गाडीने मला पाठीशी घट्ट दाबलं आणि सुटली. आवाज वाढला, पण ओरडा नाही, जाडसर गळ्यातून आल्यासारखा. वळण आलं तर मी घाबरून ब्रेककडे पाय नेला, पण गरजच नव्हती. गाडी रस्ता धरून वळली, स्टिअरिंगमधून खालची जमीन हाताला कळत होती. इतक्या वर्षांत टेम्पोने मला असं काही कळवलेलं नाही. वळण संपल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हसतोय. मला फार वाईट वाटलं. गाडी खरोखरच चांगली होती.

परत आलो तर आईने फर्मान काढलं. "यंदा बाप्पा संदेशच्या गाडीतून येणार."

आमचा गणपती शहाडला दौलतकाकांच्या कारखान्यात होतो. आमचे बाबा, धाकू त्यांचं नाव, गावाहून इकडे आले तेव्हापासून मूर्ती तिथलीच. बाबा गेल्यापासून दरवर्षी मी रिक्षाने जातो आणि मूर्ती मांडीवर घेऊन येतो. खड्डा आला की मी पाय उचलून धरतो, म्हणजे धक्का मला बसतो, देवाला नाही. घरात माझ्या एकट्याचं म्हणावं असं एवढं एकच काम आहे. बाकी सगळं कुणीही करू शकतं.

"आई, बाप्पा मी आणतो ना," मी म्हणालो.

"तू बस की शेजारी. अरे, सगळी गल्ली बघत राहील. आणि मूर्ती जरा मोठी सांग यंदा, मागे प्रभावळ असलेली. एवढ्या मोठ्या गाडीत आपली टीचभर मूर्ती बरी दिसायची नाही."

संदेश लाजून हसला. तो नको म्हणाला असता तर विषय संपला असता. तो म्हणाला, "बघ दादा, आईची हौस आहे."

मोठी मूर्ती सांगायला शहाडला मीच गेलो. दौलतकाका म्हणाले, "वा, सुदेश, प्रमोशन झालं वाटतं!" मी म्हटलं, हो, धाकट्याचं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी संदेश वेळेवर आला. गाडी धुतलेली, आरशाला झेंडूची माळ. संचिताने मागच्या सीटवर धुतलेली चादर अंथरली. शहाडला कारखान्यासमोर गाडी उभी राहिली आणि मूर्ती न्यायला आलेली सगळी मंडळी तिच्याभोवती गोळा झाली. कोणी बोनेटवर हात फिरवला, कोणी सेल्फी घेतला. संदेश सगळ्यांना गाडीचं कौतुक सांगत होता आणि मी टोपी घालून, पाट धरून, कडेला उभा होतो.

दौलतकाकांनी मूर्ती माझ्या हातात दिली, चेहऱ्यावर रुमाल टाकला. सुंदर मूर्ती होती, आणि जड. मी गाडीच्या मागच्या दाराशी आलो, वाकलो, आणि थांबलो. प्रभावळ छपराच्या वर जात होती.

"अजून वाक ना दादा."

वाकलो. गुडघे जमिनीला टेकायचे राहिले. तरी प्रभावळ वरच. ही गाडी बाहेरून ऐसपैस दिसते, पण छप्पर मागे उतरतं आलेलं, दार बुटकं. वेगात वारा कापायला तसं करतात, हे मला व्हिडिओंमुळे माहीत होतं. देव बसवायचा असेल तर काय करायचं, ते व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं आणि आमच्या घरातही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"जरा तिरपा कर," संदेश म्हणाला.

"ए, बाप्पाला आडवा करायचा नाय हां," दौलतकाका ओरडले.

पुढची सीट मागे पाडून बघितली, तिथेही तेच. गर्दीतला एक पोरगा म्हणाला, "अंकल, सनरूफ खोलो ना." संदेशने बटण दाबलं. कुठेतरी किर्र झालं आणि काही उघडलं नाही. लोक हसले. मीही हसलो असतो, पण हातात देव होता. पोटातल्या पोटात मात्र मला इतकं हसू येत होतं की मूर्ती हलू नये म्हणून मी श्वास धरला.

"रिक्षा बोलवा," मी म्हणालो. आवाजात जेवढं गांभीर्य आणता येईल तेवढं आणलं.

रिक्षा आली. मी बसलो, मूर्ती मांडीवर घेतली, बरोब्बर मावली. संदेश बाहेर उभा राहिला, चेहरा उतरलेला. मग आत वाकून हळू म्हणाला, "दादा, मी बसू का रिक्षात? तू गाडी घेऊन ये. तुला आवडते ना चालवायला? मला एकदा तरी बाप्पा मांडीवर आणायचाय रे. बाबा गेल्यापासून तूच आणतोस."

त्याच्या हातात किल्ली होती. शीळ रस्त्याचं ते वळण मला आठवलं, हातातलं स्टिअरिंग आठवलं. वर्षभर ज्या गाडीवर मी जळत होतो ती गाडी तो देत होता आणि तो माझ्या मांडीवर जळत होता. मी मूर्ती जवळ ओढली.

"तुला खड्डे सांभाळता यायचे नाहीत," मी म्हणालो. "चला हो, काढा रिक्षा."

पत्रीपुलापर्यंत ती गाडी आमच्या मागे दिसत होती. मग खड्डे सुरू झाले. रिक्षावाला बोटभर जागेतून काढत होता आणि मागे ती विलायती गाडी एकेका खड्ड्याशी थांबून विचार करत होती. थोड्या वेळाने दिसेनाशी झाली. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "साहेब, एवढी भारी गाडी आणि देव माझ्या रिक्षात! नशीब माझं." त्याला मी मनापासून हो म्हणालो.

तिन्ही मजले न थांबता चढलो. दारात आई ताट घेऊन उभी होती, मागे संचिता पाण्याचा तांब्या घेऊन, शेजारपाजारचे जिन्यात. आमच्याकडे देव घेऊन येणाऱ्याच्या पायांवर उंबऱ्याबाहेर पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मग त्याने उजवं पाऊल आत टाकायचं. मी पाय जुळवून उभा राहिलो.

आई माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. "संदेश कुठाय?"

"येतोय मागून. गाडीत मूर्ती मावली नाही."

"मग थांब जरा."

"आई, हातात बाप्पा आहे."

"अरे, थांब म्हणते ना! येऊ दे त्याला. एवढ्या लांबून यायचं, एवढी हौस त्याची. तुझं काय, तू असतोसच."

ती रागावून म्हणाली नाही. मीठ डब्यात असतं, तसं म्हणाली.

मी थांबलो. मूर्ती मोठी सांगितलेली, तिचा भार आता मनगटात उतरला. शेजारच्या समीक्षाताई म्हणाल्या, खाली ठेवा हो जरा. पण हातातला देव उंबऱ्याबाहेर कुठे ठेवणार? खांदे भरून आले, टोपीतून घाम डोळ्यांत आला, पुसायला हात नव्हता. आई कठड्याशी जाऊन दोनदा खाली बघून आली.

शेवटी संदेश जिना धावत आला. शर्टावर पाणी सांडलेलं. गाडी कोपऱ्यावर तापून उभी राहिली म्हणाला, तिथून चालत आलो.

"आलास बाबा. हात धू," आई म्हणाली. संचिताने त्याच्या हातावर पाणी घातलं. मग आई माझ्याकडे वळली. "दे आता त्याच्याकडे."

"राहू दे आई, दादाने आणलाय," संदेश म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याचे दोन्ही हात पुढे आले होते. लहानपणी माझा पतंग बघून यायचे तसे.

"दे रे सुदेश. देव ताटकळलाय."

देताना मी लगेच सोडली नाही मूर्ती. क्षणभर आम्ही दोघांनी धरली होती आणि मी ओढून धरली होती. त्याला ते कळलं. त्याने वर बघितलं नाही. मग मी सोडली.

आईने मी पुसलेली, मी धरून चढवलेली, मी तेल लावलेली आपली पावलं एकेक पुढे टाकली आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. तुकडा ओवाळला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. संदेशने उजवं पाऊल आत टाकलं. मोरया झाला. शेजारी सगळे त्याच्यामागून आत शिरले, आणि मी उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिलो. हात अजून कोपरात वाकलेलेच होते, सरळ होईनात.

आत सगळी चौरंगाभोवती जमली होती. संचिता तेवढी बाहेर आली. तांब्यात तळाशी पाणी उरलं होतं. तिने इकडेतिकडे बघितलं नाही, काही विनोदही केला नाही. वाकली आणि ते पाणी माझ्या पायांवर घातलं, आधी उजव्या, मग डाव्या.

"पाय पुसून आत या," ती म्हणाली. "समई लावायचीय."