नऊ वाडगे पीठ

लग्नाला तीन दिवस उरले होते, आणि माझी पहिली नान तंदूरच्या भिंतीवरून सुटून निखाऱ्यात पडली. दुसरीही पडली. तिसरी ओल्या चिंधीसारखी लोंबत राहिली.

आमच्या गल्लीत लग्नघरची नान विस्तवात पडली, तर नव्या जोडप्याकडे कुणी सरळ नजरेनं बघत नाही. नान लावणारीकडे तर नाहीच.

लग्न धाकट्या दिराचं. घरातली नान ओयींच्या, म्हणजे माझ्या सासूच्या हातची. यंदा जर्दाळूच्या झाडावरून उतरताना त्यांचं उजवं मनगट मोडलं आणि वीस नान माझ्या माथी आल्या.

"माप सांगा, ओयी," म्हटलं.

"नऊ वाडगे पीठ, एक सुरई पाणी. तीन वर्षं बघतेस ना?"

वाडगा त्यांचाच, सुरई त्यांचीच, आंबवणही त्यांचंच. तरी कणीक पातळ. मनात पाल चुकचुकली. बाईनं काहीतरी गाळलंय.

शेजारच्या तोशबुवीकडं सुकी तुतं तोलायचा तबकडीचा काटा होता.

"ने, हुस्नोरा. पण सासूला दिसू देऊ नको. तोललेल्या पिठातली बरकत उडते म्हणते ती."

"आणि पडलेल्या नानेतली?"

"ती राखेत जाते, बाई!"

मी वाडगा भरून तोलला. रिकाम्या वाडग्याचं वजन वजा करून पाचशे तीस ग्रॅम. पुन्हा भरला, तेवढाच. मग हात मुद्दाम कणकेत बुडवून हाक मारली, "ओयी, डाव्या हातानं नऊ वाडगे पातेल्यात घालता का?" त्यांनी घातले, गेल्या. पातेलं तोललं, त्याचं वजन वजा केलं. सहा किलो एकशेवीस. वाडग्यामागं सहाशे ऐंशी! वाडगा तोच, पीठ त्याच पोत्यातलं.

"काय तोलतेस, केलिन? माझी दानत?"

ओयी दारात उभ्या होत्या. रागावल्या की मी हुस्नोरा नसते, नुसती केलिन, म्हणजे सून.

"तुमचा वाडगा. मला सांगता एक, स्वतः भरता दुसरा."

"पोटच्या पोराच्या लग्नात मी विघ्न घालीन?"

"मग भरा. माझ्यासमोर."

रागानं त्यांनी वाडगा पोत्यात खुपसला, वर काढला आणि फळीवर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. दर खेपेला ओठ हलले. पीठ दोन बोटं खाली बसलं. वर आणखी पीठ घालून त्यांनी वाडगा काठोकाठ भरला.

"हे आपटणं तीन वर्षं ऐकतेय, पण ते मापात धरायचं हे कुठं सांगितलंत?"

"ते माप थोडंच आहे? ते स्मरण. माझ्या आईचं, माझ्या सासूचं, तिच्या सासूचं. तीन नावं घेतल्याशिवाय या घरात पीठ मळत नाहीत."

"त्या तीन नावांत दीडशे ग्रॅम पीठ जास्त मावतं, ओयी."

त्यांनी आधी काट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आता मेलेल्यांचंही वजन करतेस?"

मी भिंतीवर खडूनं सहाशे ऐंशीचा आकडा लिहिला.

लग्नाच्या सकाळी मी पीठ तबकडीवर ओतत होते. ओयी तिवईवर बसून माझे हात बघत होत्या, चोराचे बघावेत तसे.

"आपटणार नाहीस?"

"आता गरज नाही."

"पिठाला नसेल."

मी थांबले. मग तबकडीशेजारी फळीवर मूठ तीनदा आपटली. काटा थरथरला, पुन्हा त्याच आकड्यावर आला.

"नावं मोठ्यानं घे. मला ऐकू येऊ देत."

घेतली. त्यांच्या आईचं नाव मी चुकीचं उच्चारलं. त्यांनी दुरुस्त केलं, आवाज जरासा ओला झाला. लगेच खाकरून त्या काटा निरखू लागल्या.

कणीक फुगली. पहिली नान मी नान लावायच्या कापडी गादीवरून आतल्या भिंतीला थापली आणि आम्ही दोघी तंदूरच्या तोंडाशी वाकलो, कपाळाला कपाळ लागेल एवढ्या जवळ. धग तोंडावर येत होती. कुणी हललं नाही. नानेच्या कडा तांबूस झाल्या, मध्ये फोड उठले. ती भिंतीला धरून राहिली.

मी श्वास सोडला.

"एकीनं काय कळतंय?" ओयी म्हणाल्या. "दुसरी लाव. मी इथंच बसलेय."